अजून न कोरलेलं नाव

थांबा, हे आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल! एडिनबरात आमच्या शनिवारच्या मार्केटमध्ये एक आयरिश आजोबा लाकडावर त्यांच्या प्राचीन लिपीत नावं कोरतात. नुसत्या रेघा, खालून वर वाचायच्या, झाड वाढतं तशा. कोरताना नाव पुटपुटत राहतात, मी बघत बसते.

काल ताईच्या बाळासाठी मी मनात ठरवलेलं नाव त्यांना सांगितलं.

"जन्मलंय का?"

"नाही, पुढच्या महिन्यात."

त्यांनी चाकू मिटला. "मग आधी येऊ दे त्याला."

मी हट्ट केला, तर कोरा तुकडाच हातात ठेवला.

मागच्या वेळी बाळ गेल्यापासून ताई घरात झबलंसुद्धा आणू देत नाही. हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं! तो तुकडा मात्र तिने उशाशी ठेवलाय. परक्या माणसाने असं सांभाळून घेतलंय का कधी तुम्हाला?