जोहारच्या जागी

आमच्या नेरच्या नाटकमंडळींत चहा आणि भांडणं, दोन्हींचा कधी दुष्काळ पडला नाही. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मंडळ चालवणाऱ्या वकीलसाहेबांनी एक जुनं प्रहसन उकरून काढलं. तरुणपणी त्यांनी स्वतः त्यात काम केलं होतं. "आजच्या लोकांनाही हे हसवतं की नाही, ते बघू," असं त्यांचं म्हणणं.

गोष्ट साधी होती. गावचा येसकर, म्हणजे वेशीचा राखणदार, एका कंजूष पाटलाला असा काही गुंडाळतो की ज्याचं नाव ते! येसकराची भूमिका मला मिळाली. मी बाजार समितीत कारकून होतो आणि नकला करण्यात तरबेज. आनंदानं वाचायला बसलो आणि पहिल्याच प्रवेशाला अडलो. येसकर कमरेत वाकून आत येतो, "जोहार, पाटील!" म्हणतो, आणि वाकता वाकता त्याचं पागोटं खाली पडतं.

"इथे हमखास हशा," वकीलसाहेब म्हणाले. "लोक मांडव डोक्यावर घ्यायचे!"

माझं डोकंच सणकलं. शब्दाचा काही दोष नव्हता. केळापूरकडचे गोंड एकमेकांना जोहारच घालतात, ताठ उभे राहून. आमच्या बाबांना मात्र तो अर्धं आयुष्य गावच्या पाटलापुढे वाकून घालावा लागला. छप्पनच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता.

बाबांना नाटकाचं भारी वेड. पण जन्मभर त्यांनी नाटकं पाहिली ती कनातीबाहेर उभं राहून. या वेळी लेकाचं नाटक खुर्चीवर बसून पाहायचं, असं त्यांनी अख्ख्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं होतं. मी जोहारचं सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"तुले करायचं तं कर," ते म्हणाले. "पण तू थे म्हणशीन, तं मी पाहाले येणार नाही."

झालं! ज्यांना दाखवायचं तेच येणार नसतील, तर कायले तोंडाला रंग फासायचा?

दुसऱ्या दिवशी तालमीत मी सरळ सांगून टाकलं, हा शब्द मी म्हणणार नाही. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच दुःख झालं. "अरे, नाटक आहे ते! जुनं आहे तसं ठेवायला नको?" मी "राम राम, पाटील" म्हणून पाहिलं. कोणी हसलं नाही. प्रवेश गार चहासारखा झाला. "बघ!" वकीलसाहेब म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या नाटकाचा. कारण मला ते मनापासून आवडलं होतं. येसकराची पुढची सगळी गंमत त्याच्या डोक्याची होती. मग लोक इतकी वर्षं नेमके त्याच्या कमरेला काहून हसत होते?

पाटलाचं काम एस.टी. स्टँडजवळच्या मोटार मिस्त्रीकडे होतं. मुसलमान, माझा जिगरी दोस्त. तो म्हणाला, "तू काहीच म्हणू नको यार. सरळ येऊन उभा राय. मी पाहतो."

मी आलो, ताठ उभा राहिलो. मिस्त्रीनं मिशीला पीळ दिला आणि जोहार घ्यायला एक हात ऐटीत वर केला. वाट पाहिली. माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. शेवटी त्याच हातानं कान खाजवला आणि म्हणाला, "काहून बे, काही विसरला काय?"

आम्ही हसून हसून लोळलो. वकीलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "चालेल," एवढंच म्हणाले.

प्रयोगाला बाबा आले. धुतलेलं धोतर, हात गुडघ्यांवर. कोणी आत्ता उठ म्हणेल, अशा धास्तीनं खुर्चीच्या कडेवर बसलेले. माझी एंट्री झाली. मिस्त्रीचा हात वर गेला, वरच राहिला. त्यानं विचारलं, "काहून बे, काही विसरला काय?"

मी तोंड उघडणार, तोच बाबा ताडकन उभे राहिले.

"विसरला नाही! सोडलं त्यानं!"

मांडवात असा हशा उठला आणि अशा टाळ्या पडल्या की काय सांगू! कोण कशाला हसत होतं, देव जाणे. माझे डोळे भरून आले आणि पुढचं वाक्य साफ उडालं.

मग कळंबहून प्रयोगाचं बोलावणं आलं. वकीलसाहेब स्वतः आमच्या घरी आले, पहिल्यांदाच. चहा घेतला. म्हणाले, "तुमचं ते वाक्य नाटकात घालू या. तुम्हीच म्हणा, प्रेक्षकांत बसून. काय रंगलं होतं हो!"

बाबांनी मान हलवली. "वकीलसाहेब, थे नाटकातलं नव्हतं."

कळंबला बाबा आले, खुर्चीत पाठ टेकून बसले. मिस्त्रीचा हात हवेत राहिला, आणि सगळ्यांच्या आधी बाबा हसले.