पापुद्रेबाईचा ठोकळा

प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्रेबाई म्हणायचे, आणि नव्यानं कामाला लागलेल्यांना ते तिचं आडनावच वाटायचं. तिनंही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. सव्वीस वर्षं ती एकच काम करत आली होती. रोग्याच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा, तो यंत्रात अडकवायचा, आणि चाक फिरवून त्याचे इतके पातळ पापुद्रे काढायचे की एका केसाच्या जाडीत वीस मावावेत. मग पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा आणि सुरकुती न पडू देता काचेवर उचलायचा. नव्या पोरी जोरात श्वास सोडला तरी पापुद्रा घालवून बसायच्या. हिच्या हाताला मात्र यश होतं, आणि तिला ते चांगलंच ठाऊक होतं.

तिच्या टेबलावर येणारे तुकडे बहुतेक कातडीचे, आणि त्यातही काळ्या तिळांचे. पुढची विद्या तिला काच वाचून निकाल देणाऱ्या मोठ्या मॅडमच्या हाताखाली ऐकून ऐकून पाठ झाली होती. नव्या पोरींना ती स्वतःच शिकवायची. पेशीत एक प्रथिन असतं, ते पेशीला सांगतं, वाढ. सांगून झालं की गप्प बसतं. त्यात बिघाड झाला की ते गप्प बसत नाही, रात्रंदिवस ‘वाढ, वाढ’ असा एकच घोशा लावतं. दुसरं एक प्रथिन शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. ते नाहीसं झालं की पेशी मोकाट सुटतात, आधी जांघेतल्या गाठीत जातात, मग फुप्फुसात, मग जागा मिळेल तिथे. कुठलं प्रथिन आहे न् कुठलं नाही ते पाहायला काचेवर औषध घालायचं. असेल तिथे लाल रंग चढतो. लालच का, तर तिळाचा मूळचा रंग तपकिरी, त्यात नेहमीच्या औषधाचा तपकिरी रंग दिसणार कसा?

हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पण असा तीळ जिवंत माणसाच्या अंगावर कसा दिसतो, हे तिनं सव्वीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्याकडे तो बाटलीतून यायचा, औषधात पडून आक्रसलेला, कुणाच्या पायाचा की पाठीचा ते फक्त चिठ्ठीवर लिहिलेलं. डॉक्टर माणूस बघायचे, ही काच बघायची. आता एवढा साधा फरक कुणाच्याही ध्यानात राहायला हवा. तो कुणाच्याच राहिला नाही, आणि तिच्या स्वतःच्या तर मुळीच नाही.

तिचा थोरला भाऊ शिंपी होता. बहीण कॅन्सरच्या दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, डॉक्टर तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत, असं तो कपडे शिवायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचा. यातलं निम्मं त्यानं पदरचं घातलं होतं. बहिणीला ते माहीत होतं आणि ऐकून बरंही वाटायचं. एका रविवारी तो तिच्या घरी आला, मोजा काढला आणि उजवा पाय स्टुलावर ठेवला. टाचेजवळ तळव्यावर काळा डाग होता, मटारच्या दाण्याएवढा.

“बघ गं, हे काय झालंय?”

ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. हातातली ओली चादर खाली न ठेवताच तिनं वाकून पाहिलं. मशीनचं पेडल दाबून दाबून रक्त साकळलंय, जाड मोजे घाल, असं सांगून तिनं चादर झटकली. किती वेळ पाहिलं असेल? चादरीला दोन चिमटे लावायला लागतो तेवढा. दादाचं समाधान झालं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालणार? त्यानं जाड मोजे घेतले आणि दहा महिने नेमानं वापरले.

दहा महिन्यांनी त्याच्या जांघेत गाठ आली. तोवर डाग बांगडीएवढा पसरला होता, कडा फाटलेल्या कापडासारख्या. ऑपरेशन झालं, आणि दोन दिवसांनी गाठीचा ठोकळा तिच्याच टेबलावर आला, चिठ्ठीवर दादाचं नाव. दुसऱ्या कुणाला देता आला असता. तिनं दिला नाही. स्वतः कापला, एक सुरकुती पडू दिली नाही, स्वतः औषधं घातली. धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा रंग कुठेच चढला नाही. घोशा लावणारं मात्र काचभर लाल झालं. मोठ्या मॅडम सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाल्या, वर्षभरात इतका सुंदर रंग पाहिला नाही.

सुंदर म्हणजे उपयोगाचा. त्या प्रथिनाचं तोंड बंद करणारी गोळी होती, ती दादाला लागू पडली. गाठी विरघळल्या, दादा पुन्हा मशीनवर बसला, गिऱ्हाइकांना बहिणीचे किस्से सांगायला लागला. सात महिने. मग पेशींनी आडवाट शोधली, दुसऱ्याच प्रथिनांकडून तोच निरोप मिळवला, आणि पाच आठवड्यांत सगळं आटोपलं.

त्या सात महिन्यांत एकदा तिनं विषय काढला होता. दादा, त्या रविवारी मी नीट पाहिलं नाही, असं ती म्हणाली. कुठला रविवार, मला नाही आठवत, असं तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. वीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या छातीचं माप तोंडपाठ असलेला माणूस! तो खोटं बोलतोय हे तिला कळलं. तरी तिनं ते खोटं घट्ट धरून ठेवलं. खोटं त्यानं बोलावं आणि सुटका हिची व्हावी, हे लहानपणापासूनच चालत आलेलं. त्या रविवारचं आपलं बोलणं दादाबरोबर गेलं, आता कुणाला कळायचं नाही, या एका गोष्टीवर ती पुढे रोज कामाला जात राहिली.

प्रयोगशाळेत एक पद्धत असते. कुठल्याही रोग्याच्या तुकड्याला औषध घालायचं तर त्याच काचेवर खात्रीचा एक पापुद्राही लावायचा, ज्यात ते प्रथिन हमखास आहे असा. तो लाल झाला तर औषध चांगलं, मग रोग्याचा निकाल खरा मानायचा. हा खात्रीचा ठोकळा रोज कापला जातो, आणि कधीतरी संपतो. संपला तेव्हा मोठ्या मॅडमनी कपाटातून सगळ्यांत ठळक रंगाचा ठोकळा निवडला. चांगला मोठा आहे, चार-पाच वर्षं पुरेल, असं म्हणत त्यांनी तो पापुद्रेबाईच्या हातात ठेवला. तिनं नंबर वाचला.

हा माझा भाऊ, हे तिनं तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, डाग तुम्ही कधी पाहिलात? असं वापरायला घरच्यांची सही लागते, तेव्हा त्यांचं घर माझ्या वाटेवरच आहे, मीच कागद नेते, असं म्हणून तिनं वेळ मारून नेली.

दुकान आता वहिनी चालवत होत्या. कापडावर खडूनं आखणी चालली होती. पापुद्रेबाईनं सगळं नीट समजावून सांगितलं. रोज एक पापुद्रा, नाव कुठे येणार नाही, कितीतरी रोग्यांचा निकाल त्यावर ठरेल. वहिनींनी खडू ठेवला, हात पुसले आणि कागद शेवटपर्यंत वाचला.

“वन्सं, तुम्ही बोलाल म्हणून मी दोन वर्षं थांबले,” त्या म्हणाल्या.

पापुद्रेबाईनं कापडावरचा खडू उचलून बाजूला ठेवला.

“त्या रविवारी हे हसत घरी आले. बहिणीनं बघितलं, काही नाही म्हणाली. मी म्हटलं, तरी डॉक्टरला दाखवा. तीनदा म्हटलं. तर म्हणे, तिच्यापेक्षा डॉक्टरला काय जास्त कळतंय? जाताना माझ्याकडून शब्द घेतला, तिला टोचून बोलायचं नाही. मी पाळला. पण तुम्हीही कधी तोंड उघडलं नाहीत.”

“वहिनी, मी फक्त काचेवरचं बघते. अंगावरचा डाग मला ओळखता येत नाही.”

ते खरं होतं, आणि तरी तिच्याच कानांना ते सबबीसारखं लागलं.

“मग तेवढंच सांगायचं होतं,” वहिनी म्हणाल्या. “मला कळत नाही. तीनच शब्द होते.”

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, कागदाची घडी घालून पुढे केला.

“घ्या. आता रोज बघाल. नीट बघा.”