कॉफीपूर्वीचा नमुना

सूतगिरणी बंद पडल्यानंतर आमच्या शेजारच्या ग्रोझ्दानाला सर्बियातल्या निश शहराच्या रुग्णवाहिका-केंद्रात दूरध्वनी घेण्याचे काम मिळाले. यंत्रांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालवलेल्या या बाईच्या कानी आता येणारा प्रत्येक आवाज कुणाच्या तरी जिवाचा असे. आमच्या घरचा दूरध्वनी वाजला, तरी आमच्याकडे बसलेली ती ताडकन उठून तो उचले आणि विचारी, "पत्ता सांगा, लवकर!" माझी मेहुणी त्यामुळे फोन करायचीच बंद झाली.

उमेदवारीचा काळ संपत आला, तेव्हा केंद्राच्या डॉक्टरांनी तिला सकाळ-संध्याकाळचे लाळेचे नमुने आणण्यास सांगितले. ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढते. ते प्रमाणाबाहेर आढळल्यास तिची रवानगी सामानाच्या कोठारात होणार होती. सूचना सुस्पष्ट होती: सकाळी काहीही खाण्यापिण्यापूर्वी नमुना घ्यावा.

दोन्ही आकडे भलतेच चढे आले. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली; गुडघा एकसारखा हलत होता.

"संपलं, मास्तर. आता खोकी उचलायची."

"सकाळी काही घेतलं नव्हतंस ना?"

"पाण्याचा थेंबसुद्धा नाही. नुसती कॉफी."

"कॉफी घेतलीस?"

"मग? कॉफी काय खाण्यापिण्यात येते?"

माझ्या पत्नीने, पेर्सिदाने, तत्काळ तिची बाजू घेतली. "कॉफीशिवाय माणूस जागं तरी होतं का? यांना मेलं सगळीकडे नियमच दिसतात!"

कॉफीनेही कॉर्टिसॉल चढते; दुसऱ्या दिवशी तिने केंद्रात हे कबूल केले, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती," असे म्हणून त्यांनी नवे नमुने मागितले. नव्या नमुन्याच्या सकाळी ग्रोझ्दाना आमच्या जिन्यात येरझाऱ्या घालीत होती. "पेर्सिदाताई, दार लावा हो! वासानंच जीव जातोय!"

या वेळी सकाळचा आकडा उतरला. संध्याकाळचा मात्र चढाच राहिला.

"डॉक्टर म्हणाले, खुर्ची तुमचीच," तिने आम्हाला सांगितले. "पण म्हणाले, बाई, तुम्ही घरी जाऊनही फोनवरच बसलेल्या असता. शरीराला नवी नोकरी अंगवळणी पडायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

इतक्यात आमचा दूरध्वनी खणाणला. तिचा हात झेपावला आणि मध्येच थांबला. तिने हात मागे ओढून मांडीखाली दाबून धरला.

"घ्या ना, मास्तर," ती दात आवळून म्हणाली. "तुमचाच आहे."

मी उठलो. तिचा गुडघा मात्र हलतच होता.