आखाजीचं जेवण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी आमच्या घरात कुणी पोटभर जेवत नसे. गावात पुरणपोळी, आमरस, माहेरी आलेल्या पोरी झोक्यांवर, आणि माझी आई दाराकडे डोळे लावून बसलेली. वडील सालदार होते, वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे. धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यात सालदाराचं वर्ष आखाजीला संपे. मालक ‘राहा’ म्हणाला तर ठीक, नाहीतर बिऱ्हाड उचलून दुसरं गाव आणि मला दुसरी शाळा.

ऐंशीच्या दशकात वडिलांना जळगावच्या पाइपांच्या कारखान्यात नोकरी लागली. वर्षाच्या आत ते कायमही झाले, पण कायम म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. आखाजी आली तसे ते धुतलेलं धोतर नेसून थेट साहेबांच्या घरी गेले. मीही हट्टाने मागे गेले.

“साहेब, मन्हं साल सरनं. औंदा ठेवशात का?”

साहेब हसले. असा राग आला मला! पण वडिलांचा चेहरा पाहताच त्यांनी हसू आवरलं आणि खुर्ची पुढे सरकवली. “बसा भाऊ. तुम्ही कायम आहात. इथे साल सरत नाही. उद्या नेहमीसारखे या.”

घरी येऊन वडील आईला म्हणाले, “आते पोटभर जेव.”

आई जेवली आणि मग रडली. त्यानंतर मी एकाच शाळेत शिकले, पुढे डिप्लोमा केला. हे सगळं त्या ‘कायम’च्या जिवावर, आणि त्या खुर्चीचे उपकार मी कधी विसरले नाही.

नव्वदच्या दशकात मला धुळ्यात नोकरी मिळाली. डोक्यावर पंखा, समोर संगणक, थाट काही विचारू नका! नोकरी मात्र ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांची. मग घरी बसायचं आणि पुन्हा बोलावतील का, याची वाट बघायची. माझ्या बरोबरच्या बहुतेकींचं असंच होतं. कायम हा शब्द कुणी काढतच नसे.

एका वर्षी ते अकरा महिने नेमके आखाजीच्या तोंडावर संपले. मी जळगावला घरी आले. पानावर पोळी तशीच चिवडत बसले होते. वडिलांनी माझ्या पानाकडे पाहिलं.

“साल सरनं का, पोरी?”

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी माझ्या पोळीवर तूप ओतलं.

“जेव पोटभर. आठे तुन्हं साल सरत नही.”