नापासांना तबला नाही

गेल्या महिन्यात माझ्या शाळेने मला स्नेहसंमेलनात बोलायला बोलावलं. विषय मुख्याध्यापकांनी फोनवरच सांगितला: तबल्यामुळे मी अभ्यासात कशी सुधारले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आठवीपर्यंत मी वर्गात शेवटून दुसरी होते. शेवटचा माझा चुलतभाऊ. पेडण्याजवळच्या गावात आम्ही एकाच घरात वाढलो, एकाच वर्गात, एकाच बाकावर.

मी सुधारले हे खरं आहे. ते कसं, हे मला अजून नीट सांगता येत नाही, तरी प्रयत्न करते.

चौथीपर्यंत आमची शाळा मराठी होती. पाचवीपासून सगळं इंग्रजीत. घरी इंग्रजी कळणारं कोणी नव्हतं. धडा मोठ्याने वाचायला उभं केलं की शब्द माझ्या तोंडात अडकत आणि मागून कोणीतरी म्हणे, "गाडी बंद पडली गो, धक्को मारा!" भावाचं वाचन माझ्याहून बरं होतं, गणित मात्र अजिबात नाही. फळ्यावर अपूर्णांक आला की तो हसायचा. घाबरला की त्याला हसूच येई, आणि सरांना वाटे हा टवाळी करतोय.

आठवीत शाळेत तबल्याचे सर येऊ लागले. येईल त्याला शिकवायचे. आम्ही गेलो ते गणिताचा जादा तास चुकवायला. पहिले कित्येक दिवस त्यांनी तबल्याला हातच लावू दिला नाही. बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने मात्रा मोजायच्या. "तोंडात बसलं नाही ते बोटात येत नाही," असं ते म्हणत. चुकलं तर रागावत नसत. "परत समेवर या," एवढंच. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. चुकल्यावर परत यायला एक जागा असते, हे मला त्याआधी कुठल्याच तासाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग घरी मी इंग्रजीचं वाक्यही तसंच म्हणू लागले. तुकडे पाडून, मांडीवर मोजत. अडलं की पुन्हा पहिल्या शब्दावर. काही महिन्यांनी मला वाचता येऊ लागलं. भावाचं त्याहून नवल. एका मात्रेत दोन बोल, मग तीन, मग चार, म्हणजे चौपट, असं करता करता एके संध्याकाळी तो चहात उंडो, आमच्याकडचा गोल पाव, बुडवता बुडवता थांबला आणि म्हणाला, "गो, पाव म्हणजे चौपटीतलो एक बोल! ह्या आदी कोणी कित्याक सांगूक नाय?" हात तर त्याचा माझ्याहून कितीतरी चांगला होता. त्याचं वाजवणं ऐकताना सर दाद देत, माझं ऐकताना नुसती मान हलवत.

नववीच्या सहामाहीत गणिताच्या पेपराला तो बाकावर बोटांनी मोजत होता. देखरेखीच्या बाईंनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, मग त्याला उठवून दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. "हात स्थिर ठेव. परीक्षा आहे ही, भजन नव्हे." वर्ग हसला. हात स्थिर ठेवून त्याला काही आलं नाही. तो नापास झाला, मी काठावर पास झाले.

त्यानंतर नियम आला. नापास झालेल्यांना तबला नाही. आधी पास व्हा, मग वाजवा. तबल्याचे सर मुख्याध्यापकांकडे गेले, तेव्हा आम्ही दोघं दाराबाहेर होतो. सर म्हणाले, "मग औषध काय ताप उतरल्यावर द्यायचं?" मुख्याध्यापक ओरडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "दहावीच्या निकालाचा जाब मला विचारतात, तुम्हाला नाही." तबल्याच्या तासाला उरली ती बहुतेक मुलं तबल्याशिवायही पास झाली असती.

मला वाटलं, काकी शाळेत जाऊन भांडेल. ती गेली आणि आभार मानून आली. "बरा केल्यात सर. दिसभर घरात नुसता टकटक. तबलो वाजवन पोट भरता?"

मी भावाला म्हटलं, मी शिकून येते आणि तुला घरी सांगते. तो म्हणाला, "नको. तू वाजव. तुका पास होवचा आसा." ती माया होती की टोमणा, मला कळलं नाही. त्यानंतर त्याने घरातही बोटं वाजवली नाहीत. अपूर्णांक पुन्हा फळ्यावरचे झाले. दहावीत तो गणितात राहिला, पुरवणी परीक्षेतही राहिला. आता मोपाच्या विमानतळावर तो ट्रॉल्या गोळा करतो. काका पाहुण्यांना सांगतात, "तबल्यान आमचा चेडू पास झाला, आणि तबल्यानच झील नापास झालो." मुलगी पास, मुलगा नापास, दोन्ही एका दमात. पाहुणेही मान डोलावतात.

संमेलनात मी हे सगळं बोलले. आम्ही दोघं शिकत होतो, मला ठेवलं, त्याला काढलं, आणि गरज त्याला जास्त होती, असं म्हटलं. मुख्याध्यापकांनी माईक घेतला. "पाहिलंत? धडा वाचताना अडखळणारी मुलगी आज किती निर्भीडपणे बोलते! ही संगीताची ताकद!" पालकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर मी त्यांना विचारलं, तो नियम अजून आहे का. "आहे तर," ते म्हणाले. "त्याच ओढीने मुलं अभ्यास करतात." त्यांना ते मनापासून वाटत होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

घरी आले तेव्हा भाऊ दुपारच्या ड्युटीला निघाला होता.

"काय सांगितलंस?"

"तुझा सांगितलंय. नाव नाय घेवक."

"बरा केलंस."

बाहेरून दहावीला बसता येतं, गणित मी घेते, असं मी त्याला म्हटलं. तो शर्टाची बटणं लावत होता.

"दहावी पास झालंय तर ट्रॉली हलकी होतली?"

"ट्रॉली न्हय रे. पण तुका ती ढकलूची लागाची नाय."

"मगे कोण ढकलतलो?" त्याने स्कूटरला किक मारली. "दुसरो कोणतरी नापासच मगे."