दुधाच्या गाडीवर उभा जावई

माझ्या वयाची माणसं गुडघ्याला पट्टे बांधून रंकाळ्याला फेऱ्या मारतात. पट्टे मीही आणले, पण मोटरसायकलवर उभं राहण्यासाठी.

ट्रायल्स नावाचा एक खेळ आहे. त्यात वेगाला काडीची किंमत नाही. दगड, ओढा, झाडाची मुळं, असल्या वाटेवरून गाडी सावकाश न्यायची, तीही उभ्यानं, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की दंड. शाहूवाडीकडच्या डोंगरात काही मंडळी रविवारी हे करताना मी पाहिली आणि घरी येऊन जाहीर केलं, की आता मीही करणार.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही मोजे घालताना भिंत धरता."

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला.

या खेळाची खास गाडी परदेशातून येते. तिच्या किमतीत आमची जुनी चारचाकी दोनदा आली असती. पण त्या मंडळींतला एकजण म्हणाला, नवशिक्याला ती लागतच नाही. हलकी, जुनी, पहिल्या गियरला मुंगीसारखी चालणारी आणि तरी ओढणारी गाडी बघा. आपटली तर रडू येऊ नये इतपत जुनी. मी दोन महिने शोध घेतला. कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, तिथल्या पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्यांखाली वाकवाकून बघायला लागलो, तेव्हा शेवटी वॉचमननं हटकलं.

आणि गाडी होती कुठं, तर सासुरवाडीला, शिरोळजवळ. माझे चुलतसासरे वर्षानुवर्षं तिच्या दोन्ही बाजूंना क्यान अडकवून डेअरीला दूध घालत. आता दुधाचा टेम्पो दारात येऊ लागल्यानं गाडी गोठ्याला टेकून उभी होती. ओझं ओढावं म्हणून त्यांनी मागचं दातेरी चक्र मोठं बसवलेलं. त्यामुळं गाडी पळायला गोगलगाय आणि ओढायला बैल. मला हवी होती ती हीच!

मी फोन केला. ते म्हणाले, "देतो की. पर माझी एक रीत हाय, पावणं. दूध सांडणाऱ्याच्या हातात ही गाडी मी कधी दिली न्हाय. पाण्यानं भरल्यालं क्यान घिऊन गोठ्यापास्नं रस्त्यापातुर यायचं. तीन डाव देतो. तिन्हीत पाय टेकला न्हायतर पाणी सांडलं, की गाडी न्हाय. थोरल्यालाबी दिली न्हाय."

"आणि नाहीच जमलं तर?"

"रविवारी सांजच्याला भंगारवाला यायचाय."

रविवारी आम्ही पोचलो. मी गुडघ्याचे पट्टे, हातमोजे, हेल्मेट अशा थाटात उतरलो. चुलतसासऱ्यांचा थोरला, म्हणजे माझा मेहुणा, दारातच म्हणाला, "दाजी, क्रिकेटची म्याच हाय व्हय?"

इथं मी पहिली चूक केली. जावई आला की आधी ताट येतं. मटणाला नाही म्हणायचं धाडस माझ्यात नाही, आणि ताटाभोवती उभ्या असलेल्या बायकांसमोर तर मुळीच नाही. तीन भाकरी झाल्यावर मला गाडीवर बसवण्यात आलं.

वाट शंभर पावलांची. उकिरड्याला वळसा, मग पाण्याचा पाट, मग बांधाचा चढ आणि वर रस्ता. पाटापर्यंत मी ऐटीत गेलो. तिथं पुढच्या चाकाकडं बघितलं आणि चाक जणू लाजून थांबलं. डावा पाय गुडघ्याएवढ्या चिखलात, एक क्यान आडवं, पाणी पाटात. कुणी हसलं नाही. जावयाला तोंडावर हसायचं नसतं. सासूबाई तर पदर तोंडात धरून भिंतीकडं वळल्या. सगळ्यांच्या वाटचं हसण्याचं काम मग माझ्या बायकोनं एकटीनं केलं.

दुसऱ्यांदा पाट ओलांडला. बांधाच्या पायथ्याशी गाडी बंद पडली आणि पाय टेकला.

चुलतसासरे आतापर्यंत बाजेवर बसले होते. ते उठून आले. "पावणं, बसलाय कशाला? आनखी जेवाण वाढायचंय का? उभं ऱ्हावा. गुडघं ढिलं सोडा. क्यान हलू द्या, तुमी हलू नका. आन चाकाकडं काय बघताय? ते कुठं पळून जात न्हाय. जायाचंय तिकडं बघा."

डोंगरातल्या मंडळींनी मला हेच इंग्रजीतून सांगितलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं.

मेहुण्यानं पुन्हा क्यान भरली. तेवढ्यात वर रस्त्यावर एक टेम्पो येऊन थांबला. भंगारवाला. खाली उतरला आणि माझ्या गाडीकडं असा बघायला लागला, जणू ती आत्ताच त्याची झाली.

जायचंय तिकडं बघायचं होतं ना? मी भंगारवाल्याकडं बघितलं. उभा राहिलो आणि त्याच्या मिशीवरची नजर ढळू दिली नाही. उकिरडा गेला, पाट गेला. बांधावर मागचं चाक जरा घसरलं. पाय सुटू बघत होता, मी तो दाबून धरला. गाडीनं फुरफुर करत एकेक वीत चढ गिळला आणि मी थेट टेम्पोपुढं जाऊन थांबलो. भंगारवाला दोन पावलं मागं सरकला.

चुलतसासऱ्यांनी सावकाश येऊन क्यानची झाकणं उघडली, आत बोट घालून पाहिलं. पाणी गळ्याशी जसंच्या तसं. "न्या," ते म्हणाले. भंगारवाल्यानं सांगितलेल्या किमतीवर एक रुपया जास्त घेतला नाही. मेहुणा मात्र जाता जाता पुटपुटला, "मी उपाशीपोटीबी तीनदा पडलोय तिथं. हे दाजी मटण खाऊन चढलं."

क्यान उतरल्यावर गाडी इतकी हलकी झाली, की पुढच्या रविवारी डोंगरात मला वाटलं, खाली काहीच नाही. क्यान अडकवायचे लोखंडी आकडे मी काढले नव्हते. पोरंपोरी विचारत होती, "काका, रतीब कुठं घालता?" मी उभा राहिलो, खडकाच्या पलीकडं बघितलं आणि पलीकडंच जाऊन थांबलो. दंड शून्य.

आता दर रविवारी चुलतसासऱ्यांचा फोन येतो. एकच प्रश्न. "सांडलं किती?"

परवा मी छाती काढून म्हणालो, "थेंबबी न्हाय!"

आतून बायकोचा आवाज आला, "त्यांना मोज्याचंही सांगा."