कळत नाही म्हणणारी डॉक्टर

नसीम गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावाने, इकबालभाईंनी केला. मी लॅबमध्ये होते, सकाळचे नमुने नुकतेच येऊन पडले होते. "ताई, आपा गेली," एवढंच ते म्हणाले. पुण्याहून भोरला पोचेपर्यंत दफन झालं होतं. घरात तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. बाहेर वेल्ह्याकडून टेम्पो करून आलेली माणसं अंगणात उभी होती. त्यांतली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन टेकली. तुम्ही तिला कशा ओळखता, असं मी विचारलं, तर म्हणाली, "लई वर्सं आमच्या सरकारी दवाखान्यात व्हती. न्हाई कळलं तर सरळ सांगायची, मावशी, मला हे कळत न्हाई, पुन्याला जावा. म्हून तर आमी तिच्याकडंच जायाचो."

ते वाक्य नसीमकडे कुठून आलं, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवशी बोलले नाही. आता सहा आठवडे झाले...

आम्ही दोघी एकाच वर्षी मेडिकलला लागलो. ती भोरची, मोटार वाइंडिंग करणाऱ्या कारागिराची मुलगी. मी कामथडीची, शेतकऱ्याच्या घरातली. ओळख एसटीत झाली. सुट्टी संपवून पुण्याला परतताना ती भोरला चढायची आणि खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धरून ठेवायची. मी चढले की स्वतः आत न सरकता उठून मला खिडकी द्यायची. स्वभावाने ती भित्री होती. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही तिचा आवाज फुटत नसे. मी उलट. येवो न येवो, हात वर.

दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेत पॅथॉलॉजीचं स्पॉटिंग होतं. टेबलावर ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले असतात, घंटा वाजली की पुढच्यावर जायचं, काचेवर काय दिसतं ते ओळखून लिहायचं. त्या वेळी कुठल्या नंबरला कुठली काच आहे याची यादी आदल्या दिवशीच वर्गात फिरली. माझ्याकडे ती एका सीनियरकडून आली, आणि नसीमला मी दिली. ती आधीच्या चाचणीत नापास झाली होती. तिने कागद परत केला, मी पुन्हा तिच्या वहीत घातला. सगळेच बघणार आहेत, तू एकटी कशाला मरतेस, असं मी तिला म्हणाले. ती पास झाली. मीही. जवळजवळ सगळा वर्गच.

पुढच्याच महिन्यात एका तरुण सरांनी आम्हाला एक प्रश्नावली वाटली. विद्यार्थ्यांचे स्वभाव आणि परीक्षेतली लबाडी यांचा काही संबंध असतो का, असा त्यांचा अभ्यास होता. अनोळखी लोकांत बोलायला आवडतं का, लवकर घाबरता का, हातात घेतलेलं काम पूर्ण करता का, असे पुष्कळ प्रश्न होते आणि शेवटी, परीक्षेत कधी कॉपी केली आहे का. नाव लिहायचं नाही, असं सरांनी दोनदा बजावलं. कुणालाच काही कळणार नव्हतं. तरीही मी 'कधीच नाही'वर खूण केली. माझ्याबद्दल त्या अभ्यासाला याहून जास्त काही शोधायची गरज नव्हती. शेजारी नसीम बराच वेळ लिहीत होती. तिने 'होय'वर खूण केली, आणि खाली आपलं पूर्ण नाव आणि रोल नंबर लिहिला.

सरांनी तिला बोलावून घेतलं. हा कागद मी पाहिलाच नाही असं समजतो, तुला दुसरा देतो, असं ते म्हणाले म्हणे. तिने दुसरा कागद घेतला नाही. तिथून ती थेट पॅथॉलॉजीच्या विभागप्रमुखांकडे गेली. सूक्ष्मदर्शकाला मी डोळा लावलाच नव्हता, नंबर बघून लिहिलं, असं तिने सांगितलं. यादी कुणी दिली, या प्रश्नावर ती म्हणाली, "माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं त्यांनी सांगायचं." हे सगळं मला वर्षभराने त्या विभागात काम करणाऱ्या एका ताईंकडून कळलं. नसीमने कधीच सांगितलं नाही. तिचे अंतर्गत गुण रद्द झाले, विद्यापीठाच्या परीक्षेला बसता आलं नाही, आणि ती सहा महिने मागे पडली.

तिने स्वतःहून कबूल केलं, एवढं मात्र लगेच पसरलं. तिने कुणाचं नाव घेतलं नाही, तरी वर्ग तिला घाबरला. जी स्वतःचं सांगते ती उद्या आपलंही सांगेल, असं सगळे म्हणायचे. मेसमध्ये ती ताट घेऊन आली की बाकावरची माणसं हळूहळू उठायची. मीही उठले. त्यानंतरच्या दिवाळीत घरून परतताना कामथडीच्या स्टॉपवर एसटी थांबली, खिडकीत ती दिसली, शेजारची जागा रिकामी होती. मी चढले नाही. चपलेचा पट्टा तुटल्यासारखं करून खाली वाकले आणि गाडी जाऊ दिली. पुढच्या गाडीने उभ्याने गेले.

पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले, पुण्यात लॅब टाकली. ती वेल्ह्याकडच्या आरोग्य केंद्रात बरीच वर्षं राहिली, मग वडील गेल्यावर भोरला येऊन घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना सुरू केला. कधीतरी तिच्याकडून नमुने यायला लागले. आम्ही फोनवर बोलायचो, पण रुग्णांबद्दलच. त्या परीक्षेत न बघता लिहिल्यापासून न कळलेलं तिने कधी कळल्यासारखं लिहिलं नाही. सोबतच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा शेवटची ओळ तीच असायची: मला कळत नाही, तू बघ.

गेल्या वर्षी एक नमुना आला, त्यावर तिचंच नाव होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, स्वतः बघ. खात्री नसेल तर तसं सांग. मी काच लावली आणि कितीतरी वेळ डोळा काढला नाही. वाईट दिसत होतं, पण मला पूर्ण खात्री वाटेना. आमच्या धंद्यात हे कबूल करायला जड जातं. मी तिला फोन करून म्हणाले, "नसीम, मला खात्री नाही. मी दुसऱ्यांना दाखवते." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." दुसऱ्यांनीही जे सांगितलं ते वाईटच होतं.

ते कळवायला मी स्वतः भोरला गेले. तिने ऐकून घेतलं, उपचार कुठे घ्यायचे ते नीट विचारलं. मग मी इतक्या वर्षांनी त्या यादीचा विषय काढला. मी दिली म्हणून तुझं वर्ष गेलं, असं काहीतरी बोलत होते. तिने मला थांबवलं.

"यादीचं काही नाही गं वैशाली. घेतली मीच. पण तू त्या दिवशी गाडीत चढली नाहीस... ते लागलं."

तिने आत आवाज देऊन चहा आणायला सांगितला. त्यानंतर मी जमेल तेव्हा जात राहिले. पण मधली वर्षं कुणाला भरून काढता येतात?

परवा इकबालभाईंनी बोलावलं. दवाखान्याची खोली आवरायची होती, उत्रोलीचा एक नवा डॉक्टर ती टेबलासकट घेणार आहे. ते म्हणाले, तुमच्या कामाचं काही असेल तर बघा. टेबलाच्या खणात एक जाड वही होती. वरती काही लिहिलं नव्हतं. आत तिच्या बारीक अक्षरात नोंदी होत्या: रुग्णाचं नाव, तिला काय वाटलं होतं, आणि प्रत्यक्षात काय निघालं. ज्या वेळी तिचं बरोबर आलं ते कुठेच नव्हतं. पानंच्या पानं, फक्त चुकलेलं. शेवटची नोंद होती: 'स्वतः. छातीत गाठ. साधी वाटली. चार महिने दाखवली नाही.'

चार महिने ती त्या खोलीत रोज लोकांना तपासत होती, आणि तिला म्हणणारं कुणी नव्हतं, की दाखव.

वही मी घेऊ का, असं विचारलं. इकबालभाईंनी ती माझ्या हातातून घेतली, बाहीने पुसली आणि पुन्हा खणात ठेवली.

"न्हाई ताई, हितंच राहू द्या," ते म्हणाले. "नवीन डॉक्टर येनार हायेत."